डोनर एगच्या गरोदरपणात रक्तगटाचा हिशेब कसा ठेवावा

“पती-पत्नी दोघेही निगेटिव्ह, अँटी-डीची गरज नाही.” ठाण्यातल्या रक्तपेढीत काम करताना केस पेपरवर हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. (आरएच पॉझिटिव्ह रक्तपेशींवर ‘डी’ नावाचा घटक असतो. निगेटिव्ह आईच्या रक्तात पॉझिटिव्ह बाळाच्या अशा पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून द्यायचे इंजेक्शन म्हणजे अँटी-डी.) परंतु गर्भ दात्रीच्या स्त्रीबीजातून राहिला असेल, तर हेच वाक्य आईला आणि तिच्या पुढच्या बाळाला महागात पडू शकते, कारण बाळाचा रक्तगट आईकडून येतच नाही. तो दात्री आणि शुक्राणू ज्याचे आहेत तो पुरुष, या दोघांकडून येतो. आई नऊ महिने पोटात वाढवते, तिचे रक्त वारेपलीकडून बाळाला पोसते, म्हणून बाळाचा गट हळूहळू आईसारखा होतो, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. तसे काही होत नाही.

चूक सहसा वैद्यकीय ज्ञानाच्या अभावाने होत नाही. गर्भधारणा घोडबंदर रोडवरच्या एका केंद्रात होते, तपासण्या ऐरोलीतल्या डॉक्टरांकडे चालतात, प्रसूती वाशीला होते आणि बाळाला पाहणारे बालरोगतज्ज्ञ चौथेच असतात; त्यात डोनरची गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नसते, म्हणून ती फाइलमध्येही लिहिली जात नाही. पुढील टप्पे या गळतीवर उपाय म्हणून क्रमाने मांडले आहेत. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच असेल, पण त्यांच्यासमोर योग्य कागद योग्य वेळी ठेवणे हे तुमचे काम आहे.

१. तीन रक्तगट लेखी मिळवा (गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी)

आई, दात्री आणि शुक्राणू देणारा पुरुष, या तिघांचे रक्तगट एबीओ (ए, बी, एबी, ओ) आणि आरएच (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) अशा दोन्ही भागांसह कागदावर हवेत. शुक्राणूही दात्याचे असतील, तर पतीचा गट या हिशेबात येत नाही. सरोगसी असेल, तर ‘आई’च्या जागी गर्भ वाढवणारी स्त्री धरावी, कारण प्रतिपिंडे तिच्या रक्तातून बाळाकडे जातात.

दात्रीचे नाव-गाव तुम्हाला मिळणार नाही. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ प्रमाणे स्त्रीबीजे नोंदणीकृत बँकेमार्फतच येतात आणि दात्रीची ओळख गोपनीय राहते. पण तिचा रक्तगट विचारण्यात गैर काहीच नाही. तो तोंडी ऐकून समाधान मानू नका, सारांशपत्रावर केंद्राच्या शिक्क्यासह लिहून घ्या. स्वतःचा गटही ड्रायव्हिंग लायसन्सवरून किंवा शाळेच्या ओळखपत्रावरून सांगू नये, प्रयोगशाळेचा अहवालच धरावा. ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणून आयुष्य काढलेल्या बाई तपासल्यावर ‘ओ निगेटिव्ह’ निघाल्याचे मी पाहिले आहे. मुंबई परिसरात आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते: दुर्मीळ ‘बॉम्बे’ रक्तगट साध्या तपासणीत ‘ओ’ असाच दिसतो. म्हणून ‘ओ’ गटाच्या आईच्या अहवालात पेशी आणि सीरम अशा दोन्ही बाजूंनी, सीरमसाठी ‘ओ’ पेशीही वापरून, गट तपासल्याची नोंद आहे ना, हे पाहून घ्यावे.

थांबून तपासा: तीन गटांपैकी एकही “नंतर देतो” या उत्तरावर अडला असेल, तर तो हाती येईपर्यंत केंद्राकडे पाठपुरावा करा. प्रसूतीच्या रात्री दोन वाजता केंद्राचा फोन कोणी उचलत नाही.

२. बाळाचा संभाव्य गट मांडून ठेवा

आधी आरएच पाहू. आई पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचा प्रश्नच उरत नाही, मग दात्री कोणत्याही गटाची असो. आई निगेटिव्ह असेल तर एकच प्रश्न विचारायचा: दात्री आणि पुरुष दोघेही निगेटिव्ह आहेत का? दोघे निगेटिव्ह असल्याचे अहवालाने सिद्ध असेल, तर बाळ निगेटिव्ह असणे अपेक्षित आहे. दोघांपैकी एकही पॉझिटिव्ह असेल, तर जन्मानंतर खात्री होईपर्यंत बाळ पॉझिटिव्हच समजून चालावे. भारतात आरएच निगेटिव्ह व्यक्ती शंभरात साधारण पाचच्या आसपास असल्यामुळे निगेटिव्ह आईला निगेटिव्ह दात्री सहजी मिळत नाही, आणि सुरुवातीला दिलेले वाक्य फसते ते नेमके येथेच. कळव्यातली आई ओ निगेटिव्ह, पती ओ निगेटिव्ह आणि दात्री बी पॉझिटिव्ह अशी जोडणी असेल, तर जोडप्याकडे पाहून कोणीही “ओ निगेटिव्ह बाळ” असेच म्हणेल. प्रत्यक्षात ते बी पॉझिटिव्हही असू शकते.

आता एबीओ. येथे काळजी मुख्यतः ‘ओ’ गटाच्या आईची करायची. ए आणि बी गटांविरुद्धची प्रतिपिंडे निसर्गतःच प्रत्येक ‘ओ’ व्यक्तीत असतात, आणि ‘ओ’ गटात त्यांचा काही भाग आयजीजी प्रकारचा असतो, जो वारेतून पलीकडे जातो. ए किंवा बी गटाच्या आईची प्रतिपिंडे बहुतांशी आयजीएम प्रकारची असतात. ती वार ओलांडत नाहीत, म्हणून तिथे त्रास क्वचितच होतो. नेहमीच्या गरोदरपणात ‘ओ’ आईचे बाळ एबी होत नाही, कारण निम्मा वाटा तिचाच असतो. डोनर एगमध्ये ते सहज शक्य असते: पती ए, दात्री बी, आई ओ आणि बाळ एबी.

एवढे वाचून दात्रीच नाकारण्याची घाई करू नये. एबीओ न जुळल्यामुळे गर्भ ‘टाकला’ जातो ही भीती निराधार आहे, आणि होणारा त्रास बहुधा कावीळीपुरता आणि उपचाराने आटोक्यात येणारा असतो. केंद्रे दात्रीचा गट आईशी जुळवतात ते बहुतेकदा पुढे कोणी प्रश्न विचारू नये म्हणून.

दात्रीचा गट निवडण्याला खरा वैद्यकीय अर्थ एकाच परिस्थितीत येतो. आई निगेटिव्ह आहे, मागच्या गर्भपातात किंवा प्रसूतीत अँटी-डी चुकले आहे आणि तिच्या रक्तात डी-विरोधी प्रतिपिंडे आधीच तयार झाली आहेत, असे असेल तर निगेटिव्ह दात्रीचा आग्रह धरावा. पतीही निगेटिव्ह असेल तर धोका जवळजवळ संपतो. पती पॉझिटिव्ह असेल तर तो उरतो, मात्र पतीकडे डी-जनुकाची एकच प्रत असल्यास निम्मी बाळे निगेटिव्ह निघण्याची शक्यता राहते.

३. पहिल्या भेटीत गट आणि आयसीटी

गर्भ राहिल्याचे नक्की झाल्यावर आईचा रक्तगट आणि आयसीटी, म्हणजे आईच्या रक्तात बाळाच्या पेशींना घातक ठरू शकणारी प्रतिपिंडे आहेत का ते पाहणारी इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, करून घ्यावी. “मी पॉझिटिव्ह आहे, मला कशाला” असे म्हणून ती टाळू नये. डोनर एगपर्यंत पोहोचलेल्या अनेक स्त्रियांच्या मागे गर्भपात, क्युरेटिंग, गर्भाशयाच्या गाठींचे ऑपरेशन आणि कधी रक्त चढवल्याचा इतिहास असतो. डीव्यतिरिक्तच्या इतर प्रतिपिंडांची शक्यता तेथून येते, आणि त्यांच्यावर अँटी-डी इंजेक्शनचा उपयोग नसतो.

डॉक्टरांना जुन्या गोष्टी तारखांसह सांगाव्यात. पंधरा वर्षांपूर्वी गावाकडे झालेला दोन महिन्यांचा गर्भपात “तो काही मोजायचा नाही” म्हणून बायका गाळतात. तोच सांगायचा असतो.

आयसीटी पॉझिटिव्ह आली तर प्रतिपिंड कोणते आणि त्याचे टायटर (रक्तातले प्रमाण) किती, हे विचारावे. टायटर १:१६ किंवा १:३२ ही मर्यादा गाठते तेव्हा (प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा ठरलेली असते) गर्भाच्या मेंदूतील रक्तवाहिनीतल्या रक्ताचा वेग डॉपलर सोनोग्राफीने पाहतात आणि त्यावरून बाळाला पांडुरोग (रक्तक्षय) होतो आहे का, हे कळते. अशा वेळी गर्भावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे वेळेत पाठवणी होणे महत्त्वाचे असते.

सावधान: आईच्या शरीरात डी-विरोधी प्रतिपिंडे स्वतःहून तयार झालेली असतील, तर अँटी-डी देऊन ती जात नाहीत. ते इंजेक्शन प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून असते.

४. मधल्या काळातील रक्तस्राव आणि ७२ तास

निगेटिव्ह आई आणि पॉझिटिव्ह असू शकणारे बाळ अशी जोडणी असेल, तर गर्भपात, नळीतील गर्भ, गर्भजलाची तपासणी, पोटाला मार लागणे किंवा दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतील रक्तस्राव यांपैकी काहीही घडले, की ७२ तासांचे घड्याळ सुरू होते. पहिल्या बारा आठवड्यांतील थोड्या रक्तस्रावाला इंजेक्शन द्यावे का, याबाबत डॉक्टरांच्या पद्धतींत फरक आहे. पण विचारलेच नाही, हा फरक नसावा. टेस्ट ट्यूब बेबीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत डाग दिसणे वारंवार घडते, आणि फोनवर “प्रोजेस्टेरॉन वाढवा, आराम करा” एवढे ऐकून प्रकरण मिटते. त्याच फोनवर “मी निगेटिव्ह आहे, डोनर पॉझिटिव्ह आहे” हे दुसरे वाक्य बोलायला शिकावे.

ठाणे स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरून पोटावर पडणे हे काही बायका “फार लागले नाही” म्हणून घरी सांगतच नाहीत. त्या रात्री डॉक्टरांना फोन करावा. ७२ तास उलटून गेले असतील, तरी “आता काय उपयोग” म्हणून गप्प बसू नये. उशिरा दिलेल्या इंजेक्शनचाही काही फायदा होऊ शकतो.

५. अठ्ठाविसावा आठवडा: आधी नमुना, मग इंजेक्शन

निगेटिव्ह आईला सुमारे २८ आठवड्यांना ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी दिले जाते. येथे क्रम उलटल्याच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात. सकाळी इंजेक्शन घेतले, संध्याकाळी आयसीटीचे रक्त दिले आणि दोन दिवसांनी ‘पॉझिटिव्ह’ असा अहवाल हातात पडला, की घरात रडारड होते. अहवाल खोटा नसतो. इंजेक्शनमधलीच प्रतिपिंडे त्यात दिसतात. पण मूळ प्रतिपिंडे होती की नव्हती, हे मग ठरवणे अवघड होऊन बसते.

म्हणून क्रम असा: आयसीटीसाठी रक्त द्यायचे, नमुना गेल्याची खात्री करायची, त्यानंतर इंजेक्शन घ्यायचे. इंजेक्शनच्या डब्यावरची पट्टी फाइलमध्ये चिकटवावी आणि तारीख लिहावी, कारण पुढच्या आयसीटीचा अर्थ त्या तारखेवरूनच लावला जातो.

इंजेक्शन मेडिकलमधून स्वतः आणायचे असेल, तर ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे. मे महिन्यात माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत रिक्षात पाऊण तास मांडीवर घेऊन बसणे त्याला मानवत नाही. आइसपॅक घातलेली थर्माकोलची पेटी मागावी, पण बाटली थेट बर्फाला टेकवू नये आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नये. गोठलेले इंजेक्शन फेकून द्यावे लागते.

६. प्रसूतीच्या बॅगेतील एक कागद

सगळ्या लेखातला हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. छत्तिसाव्या आठवड्यापूर्वी, आणि जुळी असतील तर त्याहून आधी, एका कागदावर पुढील मजकूर डॉक्टरांकडून सहीनिशी लिहून घ्यावा (त्यातली डीसीटी ही बाळाच्या रक्तपेशींना आईची प्रतिपिंडे चिकटली आहेत का ते पाहणारी चाचणी, आणि बिलिरुबिन म्हणजे कावीळ आणणारे रक्तातले पिवळे द्रव्य):

“ही गर्भधारणा दात्रीच्या स्त्रीबीजातून आहे. आईचा गट ओ निगेटिव्ह, दात्रीचा बी पॉझिटिव्ह, शुक्राणू पतीचे, पतीचा गट ओ निगेटिव्ह. शेवटची आयसीटी अमुक तारखेस निगेटिव्ह. अँटी-डी ३०० मायक्रोग्रॅम अमुक तारखेस दिले. जन्मानंतर नाळेच्या रक्ताचा गट, डीसीटी, बिलिरुबिन आणि हिमोग्लोबिन तपासावे. बाळाचा गट आईच्या गटाशी विसंगत दिसल्यास तो अपेक्षित आहे. अहवाल केवळ आई-वडिलांनाच सांगावा.”

शेवटची दोन वाक्ये का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रसूतिगृहातून नाळेचा नमुना आला. आई ओ, बाळ एबी. कागदावर डोनरचा उल्लेख नव्हता. आमच्या तंत्रज्ञाने नियमाप्रमाणे नमुना अदलाबदल झाल्याचे गृहीत धरले आणि पुन्हा रक्त मागवले. वॉर्डातल्या सिस्टरने भरल्या खोलीत, सासूबाईंसमोर विचारले, “आई ओ असताना बाळ एबी कसे?” दोन तास वाया गेले ते वेगळेच, पण त्या खोलीतली शांतता माझ्या सहकाऱ्याने नंतर मला जशी सांगितली, ती विसरता येत नाही. तंत्रज्ञाचे काहीच चुकले नव्हते. एक ओळ कागदावर असती, तर हे घडले नसते.

हा कागद बंद पाकिटात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांकडे वेगवेगळा द्यावा. माहेरी प्रसूतीला जायचे ठरले असेल, तर साताऱ्याच्या किंवा नाशिकच्या डॉक्टरांनाही तो आधी पोहोचला पाहिजे. ओटीभरणाच्या साड्या नीट बांधल्या जातात आणि फाइल ठाण्याच्या कपाटात राहते, हे नेहमीचे आहे.

७. जन्माचा क्षण: नाळेचे रक्त

नाळ कापल्यावर बाळाचा गट, डीसीटी म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, बिलिरुबिन आणि हिमोग्लोबिन यांसाठी रक्त घेतले जाते. जुळ्यांत प्रत्येकाचे स्वतंत्र, ‘बाळ १’ आणि ‘बाळ २’ असे नाव नमुना घेतानाच, खाटेजवळ लिहून. दोघे एकाच दात्रीचे असले तरी एक बी पॉझिटिव्ह आणि दुसरे ओ निगेटिव्ह असू शकते. नाळेचा चिकट गर नमुन्यात मिसळला तर गट चुकीचा दिसू शकतो, म्हणून रक्त नाळ पिळून न काढता सुईने काढलेले बरे. आईच्या अंगात डी-विरोधी प्रतिपिंडे जोरात असतील, तर बाळाच्या पेशी त्यांनी झाकल्या जाऊन पॉझिटिव्ह बाळ निगेटिव्ह भासू शकते. त्यामुळे आयसीटी पॉझिटिव्ह असलेल्या आईबद्दल प्रयोगशाळेला आधी सांगितलेले असावे.

बाळ पॉझिटिव्ह असेल आणि आई निगेटिव्ह व अजून संवेदित झालेली नसेल, म्हणजे तिच्या रक्तात डी-विरोधी प्रतिपिंडे तयार झालेली नसतील, तर तिला ७२ तासांच्या आत पुन्हा अँटी-डी द्यावे लागते. २८ आठवड्यांचे घेतले होते म्हणून हे चुकत नाही. सिझेरियनमध्ये रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा वार हाताने काढावी लागली असेल, तर एकच मात्रा पुरेशी आहे का, हे विचारावे. ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा बाळाच्या साधारण ३० मिलिलिटर रक्ताला पुरते.

थांबून तपासा: शुक्रवारी रात्री प्रसूती आणि सोमवारी सुट्टी, असे असेल तर अहवालाची वाट पाहण्यात मुदत निघून जाते. तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत बाळाचा गट हाती नसेल, तर गट न कळताच इंजेक्शन देण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे.

८. पहिले तीन दिवस: कावीळ

एबीओ विसंगतीला लस नाही, प्रतिबंधक इंजेक्शन नाही आणि ती पहिल्याच बाळात होऊ शकते. म्हणून ‘ओ’ आईच्या ए, बी किंवा एबी बाळाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. जन्मानंतर २४ तासांच्या आत दिसलेली कावीळ कधीही ‘सगळ्यांनाच होते ती’ नसते. तिचे बिलिरुबिन त्याच दिवशी मोजले पाहिजे. डीसीटी निगेटिव्ह आली म्हणून एबीओची शक्यता संपत नाही. ती चाचणी या प्रकारात बऱ्याचदा मंद किंवा निगेटिव्हच येते.

कावीळ पाहायची ती दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ. कपाळ, नाक, मग छातीची कातडी बोटाने क्षणभर दाबून सोडावी आणि फिकट झालेल्या जागी पिवळी झाक आहे का, ते पाहावे. सावळ्या बाळाच्या हिरड्याही पाहाव्यात. पिवळ्या बल्बखाली बघून दिलेला निर्वाळा कामाचा नाही. डोळ्यांनी दिसणे हा इशारा आहे. आकडा रक्तातूनच कळतो, आणि तो बाळाच्या तासांतल्या वयाच्या तक्त्यावर ठेवूनच वाचायचा असतो. बाळ कमी दिवसांचे असेल, आणि जुळी अनेकदा असतात, तर कमी आकड्यालाही उपचार लागतात.

येथे घरच्यांच्या उपायांचा अडथळा येतो. कोवळे ऊन दाखवणे, ग्लुकोजचे पाणी किंवा गुटी पाजणे हे फोटोथेरपीला, म्हणजे खास दिव्याखालच्या उपचाराला, पर्याय होऊ शकत नाहीत, आणि त्यात गेलेला दिवस परत मिळत नाही. आईचे दूध बंद करायचे कारण नाही. उलट ते वारंवार पाजावे. बाळ सुस्त झाले, दूध ओढेनासे झाले, किंचाळल्यासारखे रडू लागले किंवा पाठीची कमान करू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आकडा फारच वाढला तर रक्त बदलावे लागते. एबीओसाठी ‘ओ’ गटाच्या पेशी वापरतात आणि आरएच विसंगतीत त्या निगेटिव्ह असाव्या लागतात. पिशवी आईच्या सीरमशी जुळवून पाहतात. तेव्हा आईचा ताजा नमुना तयार असेल तर वेळ वाचतो.

जाता जाता जी६पीडीचीही आठवण ठेवावी; हे रक्तपेशींना जपणारे एक विकर (एन्झाइम) आहे आणि ते कमी असले तर पेशी फुटून कावीळ वाढते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला एक्स स्त्रीबीजातूनच मिळतो, त्यामुळे डोनर एगच्या मुलाला ही कमतरता असल्यास ती दात्रीकडून आलेली असते. “आमच्या दोन्ही घरांत कोणाला नाही” हा पुरावा येथे चालत नाही. कावीळ अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर ही चाचणी मागावी, आणि तोवर जुन्या दुपट्यांमधल्या डांबर गोळ्या बाळाजवळ येऊ देऊ नयेत.

९. घरी गेल्यावर

४८ तासांत डिस्चार्ज मिळाला तर पुढच्या एक-दोन दिवसांतली तपासणीची वेळ निघण्यापूर्वीच घ्यावी, कारण आकडा तिसऱ्या ते पाचव्या दिवशीही चढतो. डीसीटी पॉझिटिव्ह असलेल्या किंवा फोटोथेरपी झालेल्या बाळाचे हिमोग्लोबिन दोन ते सहा आठवड्यांदरम्यान पुन्हा पाहावे. कावीळ ओसरते, पण आईकडून आलेली प्रतिपिंडे काही आठवडे पेशी फोडत राहतात. बाळ फिकट दिसते, दूध पिताना दमते, घामाघूम होते, हे त्या काळात दिसले तर तारखेची वाट पाहू नये.

त्याच दात्रीचे गर्भ गोठवून ठेवले असतील, तर सहाव्या टप्प्यातला कागद केंद्राच्या फाइलमध्ये परत पाठवावा आणि त्यावर बाळाचा प्रत्यक्ष गट, डीसीटीचा निकाल आणि प्रसूतीनंतरच्या अँटी-डीची तारीख भरावी. दोन वर्षांनी दुसरा गर्भ सोडायची वेळ येईल तेव्हा त्या केंद्रातले डॉक्टर बदललेले असू शकतात.